राग औषधाचा, शिक्षा ट्रेसरला

अल्झायमरच्या नव्या औषधांनी लोकांची निराशा केली आहे आणि ती निराशा खोटी नाही. पण ती आता भलत्याच दारात जाऊन उभी राहिली आहे. म्हाताऱ्या माणसांच्या शिरेत किरणोत्सारी द्रव्य टोचायचं, अवाढव्य यंत्रात त्यांना झोपवायचं, मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलं आहे की नाही ते बघायचं, आणि हाती काय? औषधं जेमतेम चालतात, शिवाय तीच माहिती आता साध्या रक्ततपासणीतून मिळते. मग नवे ट्रेसर, म्हणजे ही टोचायची किरणोत्सारी द्रव्यं, घडवण्याचा एवढा खटाटोप कशाला, असा सूर वाढत चालला आहे. त्याला मिळणारं उत्तरही तितकंच कच्चं आहे: स्कॅन म्हणजे लवकर निदान, लवकर निदान म्हणजे वेळेवर उपचार, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा मेंदू तपासा. एक बाजू ट्रेसरला मोडीत काढते, दुसरी त्याला ज्योतिषी बनवते. दोघीही त्याच्याकडे निकालपत्र म्हणून बघतात, आणि वादाची गाडी तिथेच रुतते. ट्रेसर ही मोजपट्टी आहे. आपला सिद्धान्त किंवा आपलं औषध चुकत असेल तर ते जिवंत माणसाच्या मेंदूत, वेळेत उघडकीला यावं, हे तिचं सर्वांत मोठं काम. औषधं कमी पडली म्हणून हे काम आवरतं घेणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

ही मोजपट्टी नसताना काय होतं ते आधी पाहू. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात 1901 साली दाखल झालेल्या ऑगस्ट डी. या 51 वर्षांच्या बाईच्या मेंदूत नेमकं काय बिघडलंय, हे अलॉइस अल्झायमरला ती 1906च्या एप्रिलमध्ये वारल्यानंतरच कळलं. मेंदूचे पातळ काप, त्यावर चांदीच्या क्षारांची प्रक्रिया, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले पेशींबाहेरचे चट्टे (हेच अमायलॉइड) व पेशींच्या आतला गुंता (तो टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा). नोव्हेंबर 1906 मध्ये ट्युबिंगेनला त्याने हे मांडलं. तिथून पुढे सुमारे 95 वर्षं हे चट्टे पक्के पाहायचे तर रुग्ण मरावा लागत असे. मेंदूतलं एखादं प्रथिन साचायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि त्या काळात आपण त्याकडे एकदाही पाहू शकत नाही, अशा रोगावर संशोधन करणं म्हणजे चित्रपटाची फक्त शेवटची चौकट बघून कथा सांगण्यासारखं होतं.

फेब्रुवारी 2002 मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात ही कोंडी फुटली. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी घडवलेला रेणू तिथे पहिल्यांदा अल्झायमरच्या रुग्णाला टोचला गेला, आणि जिवंत मेंदूतलं अमायलॉइड पडद्यावर उजळलं. 16 रुग्ण आणि 9 निरोगी माणसं यांचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. या रेणूची जन्मकथा मला फार आवडते, कारण तिच्यात चमत्कार नाही, चिकाटी आहे. शवविच्छेदनाच्या टेबलावर अमायलॉइड ओळखायला काँगो रेड हा मुळात कापड रंगवायचा रंग वापरत. क्लंक यांनी वर्षानुवर्षं त्या घराण्यातले रेणू करून पाहिले, पण ते मोठे होते, मेंदूत शिरत नव्हते. मग मोर्चा थायोफ्लेविन टी या दुसऱ्या रंगाकडे वळला. तो आकाराने लहान, पण त्याच्यावर धन विद्युतभार, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडथळा असा भारित रेणू सहजी ओलांडू देत नाही. त्यांनी तो भार काढून टाकला. रेणू आत गेला, चट्ट्यांना चिकटला, आणि जिथे चट्टे नव्हते तिथून झटपट धुऊन निघाला.

या शेवटच्या अटीकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही, पण ट्रेसर घडवणाऱ्यांची झोप तीच उडवते. रेणू चिकटणं सोपं, नको तिथून निघून जाणं अवघड. आणि सगळं घड्याळाच्या काट्यावर. पिट्सबर्गच्या रेणूवर किरणोत्सारी कार्बन-11 असतो, त्याचं अर्धायुष्य 20 मिनिटं, म्हणजे दर 20 मिनिटांनी तो निम्मा होतो. सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रातून, कार्बन बाहेर पडल्यापासून शिशाच्या भिंतीआड रेणू जोडणं, गाळणं, शुद्धता तपासणं यात 40 मिनिटं गेली तर हातात चौथा हिस्सा उरतो, तासाभराने आठवा. म्हणजे सायक्लोट्रॉन ज्या इमारतीत, स्कॅनही जवळपास तिथेच. म्हणून पुढचे रेणू फ्लोरिन-18 वर बेतले गेले. त्याला निम्मं व्हायला 110 मिनिटं लागतात, त्यामुळे सकाळी एका ठिकाणी बनवलेली कुपी दुपारी दुसऱ्या शहरात वापरता येते. टोचलं जाणारं द्रव्य असतं मायक्रोग्रॅमच्या घरात, शरीरावर औषध म्हणून परिणाम होणारच नाही इतकं थोडं. त्याचं काम फक्त साक्ष द्यायचं.

पण साक्ष खरी कशावरून? फ्लोरबेटापिर या ट्रेसरची कसोटी कशी लागली ते आठवावं. आयुष्याच्या अखेरीला पोचलेल्या माणसांनी स्कॅन करून घेतला आणि मृत्यूनंतर मेंदू द्यायलाही संमती दिली. त्यांतल्या 59 जणांचे मेंदू शवविच्छेदनात तपासले गेले आणि आधीचा स्कॅन त्यांच्याशी ताडून पाहिला गेला. यातले पहिले निकाल हाती असूनही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागारांनी 2011 मध्ये लगेच होकार दिला नाही. त्यांची शंका रेणूवर नव्हती, स्कॅन वाचणाऱ्या डोळ्यांवर होती. हा ट्रेसर मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला थोडाफार चिकटतोच. वाचणाऱ्याने पाहायचं असतं ते पांढऱ्या आणि करड्या भागांमधली सीमारेषा शाबूत आहे की पुसली गेली आहे. दोन डॉक्टर एकाच चित्राकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर उपयोग काय? वाचकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली, तेव्हा एप्रिल 2012 मध्ये मान्यता मिळाली. ज्या 59 जणांचा यातून कवडीचा फायदा होणार नव्हता त्यांच्या मेंदूंवर ही मोजपट्टी आखली गेली आहे. तिला 'कंपन्यांचं खेळणं' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

हे मी तळमळीने लिहितो याला कारण माझी मावशी आहे. तिने भाजीच्या यादीत एकच भाजी चार वेळा लिहायला सुरुवात केली, तेव्हा 'वय झालं, चालायचंच' असं आम्हाला सांगण्यात आलं. तीन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत 'अल्झायमर' म्हटलं आणि गोळ्या सुरू झाल्या. ती गेली. तिला अल्झायमर होता की अल्झायमरसारखं दिसणारं दुसरंच काही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे पाहण्याचं साधनच नव्हतं. पण सहा वर्षं आम्ही ज्या शब्दाबरोबर जगलो तो शब्द एक अंदाज होता, हे कळल्यावर आजही पोटात कालवतं.

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. अमायलॉइड दिसलं म्हणजे अल्झायमर झाला, असं नाही. अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद करून 2015 मध्ये जे चित्र पुढे आलं त्यानुसार, स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांतही पन्नाशीला साधारण 10 टक्के आणि नव्वदीला 44 टक्के लोकांत अमायलॉइड सापडतं. त्यांतले कितीतरी जण स्मृतिभ्रंशाची पायरीही न चढता जातील. अशा माणसाला 'तुमचा स्कॅन पॉझिटिव्ह आहे' सांगून घरी पाठवायचं, हा कुठला उपचार? उद्या किल्ली कुठे ठेवली ते विसरला तर तो रात्रभर जागेल. म्हणूनच 2024 साली अमेरिकेतल्या अल्झायमर असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने रोगाची व्याख्या निव्वळ जैविक खुणांवर मांडली, तेव्हा तज्ज्ञांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याला जाहीर विरोध केला: लक्षणं नसलेल्या माणसाला धोका आहे म्हणा, रोगी म्हणू नका. या वादात मी दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. धडधाकट माणसांचे सरसकट स्कॅन करायची टूम निघाली तर तिला विरोध करणाऱ्यांत मीही असेन.

पण यातून ट्रेसर निरुपयोगी ठरतो का? क्षयरोगाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने रंग चढवून क्षयाचे जंतू दाखवले. तोवर ज्याला कोणी खानदानी दोष, कोणी हवापाण्याचा परिणाम म्हणत होते, त्या रोगाला एक दिसणारं कारण मिळालं. लवकरच हेही कळलं की जंतू शरीरात असलेली असंख्य माणसं आयुष्यभर आजारी पडत नाहीत. आजही जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेला असतो आणि त्यांतल्या 5 ते 10 टक्क्यांनाच रोग होतो. म्हणून जंतू पाहणं व्यर्थ होतं, असं कोणी म्हणेल? उलट 'जंतू असणं' आणि 'क्षय होणं' यांतला फरक कळला, तो जंतू पाहता आला म्हणूनच. निरोगी माणसांतलं 44 टक्के अमायलॉइड कुणी मोजलं? त्यात पेट स्कॅनचा, म्हणजे ट्रेसर टोचून काढलेल्या चित्रांचा, वाटा आहे. ज्या आकड्याने ट्रेसरवर हल्ला होतो तो आकडा मिळवण्यात ट्रेसरचाच हात आहे.

कॉखची गोष्ट पुढेही आहे आणि ती जास्त बोलकी आहे. 1890 मध्ये त्याच कॉखने क्षयावर ट्युबरक्युलिन नावाचं औषध सापडल्याचं जाहीर केलं. रुग्णांची रीघ लागली, आणि औषध साफ फसलं, काहींच्या जिवावर बेतलं. जंतू बरोबर ओळखणारा माणूस औषधाबाबत पार चुकला होता. खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला 1943 साल उजाडावं लागलं. जंतू दिसल्यापासूनची ही साठ वर्षं लोकांनी 'औषध नाही तर सूक्ष्मदर्शक कशाला' म्हणून रंगद्रव्यं फेकून दिली असती, तर स्ट्रेप्टोमायसिन चालतं की नाही हे कशावरून कळलं असतं? ट्युबरक्युलिन मात्र वाया गेलं नाही, ते पुढे संसर्ग ओळखण्याच्या त्वचाचाचणीत कामी आलं.

अल्झायमरची औषधं आणि ट्रेसर यांच्या नात्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. म्हणतात, अमायलॉइड सिद्धान्तवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हे ट्रेसर बनवले. संशयाला जागा आहे, हे कबूल करतो. फ्लोरबेटापिर बनवणारी एव्हिड ही कंपनी 2010 मध्ये एली लिली या औषधकंपनीने विकत घेतली आणि त्याच लिलीचं डोनानेमॅब हे अमायलॉइड हटवणारं औषध 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. 2021 मध्ये अ‍ॅड्युकॅनुमॅबला तर सल्लागार समितीचा विरोध डावलून, मेंदूतलं अमायलॉइड कमी होतं एवढ्यावर मान्यता दिली गेली. समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले आणि 2024च्या सुरुवातीला कंपनीने ते औषध गुंडाळलं. मोजपट्टीवरचा आकडा खाली आला म्हणजे रुग्ण सुधारला, असं धरून चालणं ही गंभीर चूक होती. पण चूक कोणाची? ताप मोजून 'ताप उतरला' म्हटलं आणि माणूस दगावला, तर थर्मामीटर फोडायचं की त्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याला जाब विचारायचा?

ट्रेसरने सिद्धान्तवाल्यांची अडचणच जास्त केली आहे. बॅपिन्यूझुमॅब आणि सोलॅनेझुमॅब या अमायलॉइडवरच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या 2012 च्या सुमारास फसल्या. ट्रेसर नसता तर त्यावर दहा वर्षं वाद चालला असता: सिद्धान्त चूक, की औषध दुबळं, की रुग्णच चुकीचे निवडले? काही सहभागींचे पेट स्कॅन झाले होते, त्यातून दिसलं की सौम्य ते मध्यम अल्झायमर म्हणून चाचणीत घेतलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा लोकांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतंच. निष्णात तज्ज्ञांनी निवडलेले रुग्ण, आणि चारात एक चुकलेला! मग माझ्या मावशीचं काय घेऊन बसलात? पुढच्या चाचण्यांत आधी अमायलॉइडची खात्री, मगच प्रवेश, असा नियम पडला. लेकॅनेमॅबच्या 1,795 जणांच्या चाचणीत औषध घेऊन स्कॅन करवलेल्यांचं अमायलॉइड 18 महिन्यांत सरासरी 55 सेंटिलॉइडने (स्कॅनवरून अमायलॉइड मोजायचं एकक) उतरलं, म्हणजे बहुतेकांचा मेंदू जवळजवळ साफ. आणि रोगाची तीव्रता मोजणाऱ्या 18 गुणांच्या श्रेणीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक भरला 0.45 गुणांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. चट्टे गेले, पण आजार थोडासाच मंदावला. अमायलॉइड हे सगळं कारण नाही, किंवा आपण फार उशिरा पोचतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा कुठला आहे? हा पुरावा टीकाकार हातात घेऊन फिरतात, आणि तो ज्याने दिला त्यालाच हद्दपार करा म्हणतात.

रक्ततपासणीचं म्हणाल तर तिचं मी मनापासून स्वागत करतो. मे 2025 मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या चाचणीला मान्यता मिळाली. सुई टोचून निभावत असेल तर कोणाला सायक्लोट्रॉनची हौस आहे? पण ती चाचणी खरी कशावरून ठरली? 499 जणांच्या रक्ताचे नमुने त्यांच्याच पेट स्कॅनशी किंवा मणक्यातून काढलेल्या द्रवाच्या तपासणीशी ताडून. मीटरची पट्टी घरोघरी पोचली म्हणून मूळ मीटर वितळवत नाहीत. त्याच अभ्यासात पाचात एकाहून किंचित कमी लोकांचा निकाल अधांतरी राहिला, त्यांना पुढची तपासणी लागणारच. मूत्रपिंड अधू असेल तर रक्तातलं टाऊ तसंही वाढलेलं दिसू शकतं. आणि रक्ताला एक गोष्ट कधीच सांगता येत नाही: कुठे. टाऊचा गुंता कानशिलाच्या आतल्या भागात सुरू होऊन पुढे पसरतो, आणि माणूस काय विसरतो, काय बोलू शकत नाही, कुठे वाट चुकतो, हे त्या पसरण्याशी जुळतं. अमायलॉइडचा नकाशा लक्षणांशी इतका जुळत नाही. फ्लॉरटाउसिपिर हा टाऊचा ट्रेसर 2020 मध्ये मान्य झाला. डोनानेमॅबच्या चाचणीत त्याच्या आधारेच रुग्ण टाऊच्या प्रमाणानुसार वेगळे काढले गेले, आणि टाऊ कमी असलेल्यांना फायदा जास्त दिसला. शहराच्या सांडपाण्यात राख सापडली तर आग लागली एवढं कळेल, कुठल्या गल्लीत ते नाही.

ट्रेसर कधीकधी खोटी साक्ष देतात, हा आरोपही खरा आहे. जपानच्या तोहोकू विद्यापीठातून आलेल्या टीएचके-5351 या रेणूवर टाऊ दाखवणारा म्हणून सगळ्यांच्या आशा होत्या. मग संशोधकांनी काही जणांना सेलेजिलिन हे पार्किन्सनमध्ये दिलं जाणारं औषध देऊन स्कॅन पुन्हा केला, आणि मेंदूभर सिग्नल धाडकन उतरला. सेलेजिलिन ज्या एमएओ-बी नावाच्या विकराला अडवतं, हा ट्रेसर मोठ्या प्रमाणात त्यालाच चिकटत होता. किती वर्षांचं काम, किती लेख! पण हे उघडकीला आणलं कोणी? याच क्षेत्रातल्या लोकांनी, स्वतःहून, जाहीरपणे. आणि यावरचा उपाय कमी ट्रेसर हा नाही, अधिक नेमके ट्रेसर हा आहे.

किरणोत्साराची भीती थोडक्यात आटपतो. फ्लोरबेटापिरच्या एका स्कॅनमध्ये सुमारे 7 मिलिसिव्हर्ट इतका मारा बसतो, निसर्गातून आपल्याला सरासरी तीन वर्षांत मिळतो तेवढा. सत्तरीच्या, विसरायला लागलेल्या माणसासाठी हा सौदा वाजवी आहे. तिशीतल्या धडधाकट माणसासाठी नाही.

खर्चाचा आणि विषमतेचा मुद्दा मात्र मला अजून टोचतो. सायक्लोट्रॉनपासून दोन-तीन तासांच्या टप्प्यात राहणाऱ्यांनाच ही तपासणी, बाकीच्यांना अंदाज. अमेरिकेत आयडियाज या अभ्यासात 11,409 ज्येष्ठांचे स्कॅन झाले. चारात एका रुग्णाचं अल्झायमरचं निदान मागे घेतलं गेलं आणि साठ टक्क्यांहून अधिक जणांचे उपचार किंवा नियोजन बदललं. हे मोठं यश. पण पुढच्या वर्षभरात रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ठरवलं होतं तितकं घटलं नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. स्कॅनमुळे आयुष्य सरसकट सुधारतं, असा दावा मी करणार नाही. चुकीचं नाव घेऊन जगणाऱ्या चारातल्या त्या एका घराला मात्र विचारा.

आणि त्या घरात खरं काय होतं? ऐंशीच्या पुढे स्मृती ढासळलेल्या कितीतरी जणांच्या मेंदूत टीडीपी-43 नावाचं तिसरंच प्रथिन साचतं. आजार हुबेहूब अल्झायमरसारखा, म्हणून 2019 मध्ये त्याला लेट असं वेगळं नाव द्यावं लागलं. अनेकदा अमायलॉइड, टाऊ आणि हे प्रथिन एकाच मेंदूत नांदतात. एकावर औषध द्यायचं, दुसऱ्याने माणूस खचायचा, आणि आपण म्हणायचं औषध फसलं! येल विद्यापीठात पेशींमधल्या सांध्यांची घनता दाखवणारा ट्रेसर आला आहे, त्यामुळे नुकसान किती झालं ते दिसू लागलं. टीडीपी-43 दाखवणारा सर्वमान्य, भरवशाचा ट्रेसर अजून नाही. पेशीच्या आत दडलेलं, प्रमाणाने थोडं, आणि अमायलॉइड-टाऊच्या गर्दीत वेगळं ओळखायचं, त्यामुळे हे काम पिट्सबर्गच्या रेणूपेक्षाही चिवट आहे. तो रेणू सापडेपर्यंत हे प्रथिन पाहण्याची जागा शवविच्छेदनाचं टेबल हीच आहे, अलॉइस अल्झायमर 1906 मध्ये उभा होता तीच.